दगडी, विरजण आणि पेनिसिलिन

गुरांच्या आजारांना मराठीत जी नावे आहेत, ती ज्यांनी ठेवली त्यांनी गोठ्यात रात्री जागून काढल्या असणार. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, काळपुळी, लाळ्या-खुरकूत. बहुतेक शब्दांत एखादे लक्षण दिसते आणि त्यामागे मरण उभे असते. बुळकांडी आली की दावणीच्या दावणी रिकाम्या होत. पेरणीच्या तोंडावर बैल गेला की कुटुंब सावकाराच्या दारात जाई.

या मोठ्या आजारांचा इतिहास लिहिला गेला आहे, आणि त्यातला बराच भाग महाराष्ट्रात घडला आहे. १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या इमारतीत 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' सुरू झाली आणि डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. भरवस्तीत असले सांसर्गिक रोगांचे जंतू सांभाळणे धोक्याचे म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तिथे १८९७ साली खुद्द रॉबर्ट कॉख येऊन गेले. आज बरेलीजवळच्या इज्जतनगरला जी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, तिचे मूळ असे पुण्यात आहे. बुळकांडीचे पुढे लसीने उच्चाटन झाले. २००६ साली भारत आणि २०११ साली सगळे जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. आता तो शब्द कोशात आणि म्हाताऱ्यांच्या तोंडात उरला आहे.

मला ज्या शब्दांचा माग काढायचा होता, ते मात्र हळू आवाजात बोलले जाणारे आहेत. एक 'दगडी'. जनावराची कास सुजते, दगडासारखी घट्ट होते, दुधात गुठळ्या येतात. पुस्तकी मराठीत याला कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात. दुसरा 'गाभडणे', म्हणजे गाभण जनावराचा गर्भ अवेळी पडणे. या दोन्हींत जनावर सहसा मरत नाही. ते दूध देत राहते, आणि तिथेच खरी अडचण आहे. मेलेल्या बैलाचे नुकसान एका घराचे असते. आजारी गाईचे दूध कॅनमध्ये जाते, कॅनमधून टँकरमध्ये आणि टँकरमधून कुणाच्या तरी चहात.

मी पशुवैद्यक नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. कृष्णाकाठच्या एका गावातल्या दूध संस्थेत काही वर्षे सचिव म्हणून काम केले. पहाटे पाचला कंदिलाच्या आणि पुढे ट्यूबच्या उजेडात लॅक्टोमीटर वाचण्यात ती वर्षे गेली. वाचनाचा नाद आधीपासून होता. नोकरी सुटल्यावर त्याला विषय मिळाला. सांगलीच्या नगर वाचनालयातली कितीतरी जुनी पुस्तके २०१९ च्या महापुरात भिजून गेली, त्यामुळे काही गोष्टींसाठी पुण्या-मुंबईची वारी करावी लागली. सातारा आणि सांगली ही दोन नावे मी वेगळी मानत नाही, कारण १९४९ पर्यंत तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. मग 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. गुरांना या सरहद्दी कधीच कळल्या नाहीत.

दूध ही गावाबाहेर विकायची वस्तू आहे, ही कल्पना या भागात फार जुनी नाही. आटपाडी-जतकडची खिलार गाय वाखाणली जाई ती तिच्या पोटी येणाऱ्या बैलांसाठी; तिचे दूध वासराला पुरले आणि घरात चहापुरते उरले तरी पुष्कळ. दूध म्हशीचे. १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी भिलवडीत डेअरी सुरू केली, तेव्हा त्या जागेचे एक मोठे भांडवल होते रेल्वे स्टेशन. पुणे-मिरज मार्गावर दोन स्टेशने पलीकडे किर्लोस्करवाडी; तिथून नांगर आणि मासिके बाहेर पडत, इथून दुधाचे पदार्थ. रुळांमुळे कृष्णाकाठची म्हैस पुण्या-मुंबईच्या बाजाराशी बांधली गेली.

त्या बाजाराला दुधाची भीती आधीच लागली होती. मुंबई महापालिकेचे विश्लेषक डॉ. लेम्युएल लुकास जोशी यांनी १९१६ साली भारतीय शहरांच्या, विशेषतः मुंबईच्या, दूधप्रश्नावर इंग्रजीत एक आख्खे पुस्तक लिहिले. शहरात कोंबलेले तबेले, दुधात घातलेले पाणी आणि त्या पाण्याबरोबर येणारी घाण हा तेव्हाचा प्रश्न होता. पुढे १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली ती शहरातल्या म्हशी बाहेर काढण्यासाठी. दारा खुरोडी हे त्यामागचे कर्ते अधिकारी. १९६३ साली कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आपल्याकडे श्वेतक्रांतीच्या गोष्टीत खुरोडींना खलनायकाच्या जागी उभे करण्याची सवय आहे. मला ते अन्यायाचे वाटते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

जंतूंच्या भीतीवर उत्तर एकच होते, उष्णता. ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवून लगेच थंड केले की क्षयापासून विषमज्वरापर्यंतचे जंतू मरतात. याला पाश्चरीकरण म्हणतात. हे उत्तर सहज स्वीकारले गेले असे मात्र नाही. १९०१ साली लंडनच्या क्षयपरिषदेत कॉख यांनीच सांगितले, की गाईच्या क्षयाचा माणसाला जवळजवळ धोका नाही. ब्रिटिश सरकारने त्यावर रॉयल कमिशन नेमले. कमिशनने दहा वर्षे काम करून १९११ साली निष्कर्ष दिला, की गाईचा क्षय दुधातून माणसाला होतो आणि त्याचे भक्ष्य मुख्यतः मुले असतात. ज्याने क्षयाचा जंतू शोधला तोच त्याच्या वाटेबद्दल चुकला होता.

आपल्याकडे लोक म्हणतात, आमच्या आयाबाया दूध उकळतच आल्या, आम्हाला पाश्चर कशाला शिकवता? यात तथ्य आहे. रोज सकाळी पातेल्यावर नजर ठेवून उभ्या असलेल्या बायकांनी या देशातली किती मुले वाचवली याची मोजदाद नाही. पण आमच्या भागात त्याला एक मोठा अपवाद आहे, धारोष्ण दूध. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून पेला हातात देतात, आणि सांगली-साताऱ्याच्या तालमींतही कच्च्या दुधाचे महत्त्व खुराकाइतकेच. हिंदकेसरी मारुती माने ज्या कवठेपिरानचे, त्या पट्ट्यात 'उकळलेल्या दुधात काय राम' असे म्हणणारी माणसे मी ऐकली आहेत. मला त्या परंपरेचा राग नाही. पण तिच्या किमतीबद्दल बोलले पाहिजे.

ती किंमत कशी असते, हे आधी माल्टा बेटावर कळले. तिथल्या इंग्रज शिपायांना महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप येई. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळेना. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झामित या माल्टी डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात आणि दुधात हा जंतू होता. १९०६ साली फौजेला शेळीचे दूध बंद केले आणि ताप जवळजवळ थांबला. दरम्यान डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांना १८९७ साली गाभडणाऱ्या गाईंत एक जंतू सापडला होता. हे दोन्ही जंतू एकाच घराण्यातले आहेत, हे ॲलिस इव्हान्स या अमेरिकी संशोधक बाईंनी १९१८ मध्ये दाखवले. बरीच वर्षे मोठमोठ्यांनी त्यांची खिल्ली उडवली. पुढे त्या स्वतःच त्या तापाने वर्षानुवर्षे आजारी राहिल्या. ब्रूसच्या नावावरून रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतात.

माल्टा दूर वाटेल. पण जत तालुक्याची शीव विजापूर जिल्ह्याला लागते, आणि विजापूरचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. बी. जी. मंटूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिकडच्या ब्रुसेलोसिसच्या रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदी २००६ साली प्रसिद्ध केल्या. ज्या जिल्ह्यात तपासले तिथे रोग सापडला. शेजारी तपासले नाही म्हणून तो नाही असे मानणे भाबडेपणाचे. मेंढरे आणि धनगरवाडे हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत.

माझ्या चुलत वहिनीला असाच ताप होता. संध्याकाळी चढे, रात्री घामाने अंथरूण भिजे, कंबर धरलेली. विषमज्वर म्हणून तिचा तीनदा इलाज झाला. चौथ्या महिन्यात गोठ्यात लसीकरणाला आलेल्या एका तरुण पशुवैद्यकाने सहज विचारले, "वहिनी, यंदा तुमच्याकडं कुठली गाय गाभडली का?" गाभडली होती. अडकलेली वार वहिनीनेच हाताने ओढून काढली होती, कोपरापर्यंत उघड्या हाताने. त्याने रक्ततपासणीचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. पुढे सहा आठवडे दोन प्रतिजैविके एकदम घेतल्यावर ती उठली. माणसाचा रोग गुरांच्या डॉक्टरने ओळखला याचे घरात सगळ्यांना हसू आले. मला त्यातच सारे काही दिसले. गोठा आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत असते, पण त्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी सरकारी खाती आहेत.

ब्रुसेलोसिससाठी चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच लस देतात. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्याविरुद्ध देशव्यापी कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून गावोगाव कालवडींच्या आणि रेड्यांच्या कानांत बारा आकडी पिवळे बिल्ले दिसू लागले. लस चुकून टोचणाऱ्याच्याच बोटात गेली तर त्यालाही तो रोग होऊ शकतो. गावातले पशुधन पर्यवेक्षक ही जोखीम रोज उचलतात.

आता दगडीकडे येतो, कारण या इतिहासाने वळण घेतले ते तिच्यापाशी.

कासेत सडाच्या छिद्रातून जंतू शिरतात. स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, शेणातला ई. कोलाय. पूर्वी यावर हळद, कोरफड, चुन्याचा लेप, गरम पाण्याचा शेक असे उपाय होते. सड निकामी झाला तर झाला. कमी दूध देणाऱ्या जनावराची कासही कमी आजारी पडे. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला बाएफ संस्था स्थापन केली आणि कृत्रिम रेतनाने संकरित गाई गावोगाव पोचू लागल्या. दोन लिटरची गाय बारा-पंधरा लिटरवर गेली. ज्या घरात दर दहा दिवसांनी दुधाचा पगार आला, त्या घरात मुली शाळेत गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून संकरित गाईला नावे ठेवणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. पण मोठी कास, लांब सड आणि ओला गोठा यांचा मेळ जमला की दगडी ठरलेली.

त्याच काळात औषधही हाताशी आले होते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. सार्वजनिक क्षेत्रातला औषधांचा हा पहिला कारखाना. पेनिसिलिनसाठी परदेशी बोटीची वाट पाहणारा देश पुण्याच्या वेशीवर पेनिसिलिन पिकवू लागला, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. पेनिसिलिन माणसासाठी होते. पण औषधाच्या बाटलीला माणूस आणि म्हैस यांतला फरक कळत नाही. स्ट्रेप्टोपेनिसिलिनचे इंजेक्शन आणि टेरामायसिन ही नावे लवकरच गोठ्यांत शेतीच्या अवजारांइतकी परिचयाची झाली. मग सडात थेट सोडायच्या ट्यूब आल्या. मोठी सोय. संध्याकाळी ट्यूब सोडली, दोन दिवसांत गुठळ्या गेल्या, कास मऊ पडली.

गुठळ्या गेल्या की लोकांना दूध बरे झाल्यासारखे वाटते. औषध मात्र आणखी काही दिवस दुधातून येत राहते.

आमच्या संस्थेत दुधाची परीक्षा कशी होई ते सांगतो. आधी वास. मग लॅक्टोमीटर, त्याला गावात 'डिग्री' म्हणतात. त्याने पाणी कळते. मग फॅट, त्यावर भाव. पुढे एसएनएफ आले. वरच्या डेअरीत आणखी एक परीक्षा होई, निळ्या रंगाची. दुधात मेथिलीन ब्ल्यूचे थेंब टाकून नळी कोमट पाण्यात ठेवायची. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. पाच तासांवर रंग टिकला तर दूध उत्तम.

आता या निळ्या नळीत पेनिसिलिनचे दूध घाला. औषधाने जंतूंची वाढ दडपलेली असते, त्यामुळे रंग उडत नाही. दूध जितके औषधी, तितका शेरा चांगला! पाणी नाही, फॅट बरोबर, निळा रंग ठाम. तिन्ही परीक्षांत हे दूध पहिल्या वर्गात पास.

ते पकडले जाई एकाच ठिकाणी, स्वयंपाकघरात. रात्री विरजण लावले आणि सकाळी दही लागलेच नाही, पातेल्यात नुसते पाणचट, चिकट दूध. विरजणातले जंतू पेनिसिलिनला फार हळवे असतात. युरोप-अमेरिकेत पेनिसिलिन गोठ्यात आले तशी चीज करणाऱ्यांनीही हीच तक्रार केली, दूध लागत नाही. तिथल्या डेअऱ्यांना जाग आली ती लोकांच्या आरोग्याच्या काळजीने कमी आणि फुकट गेलेल्या चीजच्या हिशेबाने जास्त. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये डेल्व्होटेस्ट नावाची चाचणी निघाली. एका छोट्या नळीत जिवंत जंतू ठेवलेले असतात. त्यात दूध घालून नळी गरम ठेवायची. जंतू वाढले तर जांभळा रंग पिवळा होतो, दुधात औषध असेल तर जांभळाच राहतो. म्हणजे जातीने ते विरजणच. आपल्या बायका जे बोटाने करत होत्या, ते काचेत भरून विकले गेले.

आमच्याकडे मात्र दही न लागण्याचा दोष बाईच्या हाताला, विरजणाला, हवेला किंवा कुणाच्या नजरेला लागे. "हिच्या हाताला दही लागत नाही," हे वाक्य मी किती घरांत ऐकले! शेजारच्या गोठ्यात ट्यूब सोडली होती, हे त्या सुनेला कोण सांगणार?

इथेच उकळीचे जुने उत्तर अपुरे पडू लागते. जंतू उकळीने मरतात. औषधाला चढलेला माज त्यांना उकळीपासून वाचवत नाही. पण औषधाचा अंश तसा मरत नाही. पाश्चरीकरणाने पेनिसिलिनचा थोडाच भाग कमी होतो, आणि गुरांत सर्रास वापरले जाणारे एन्रोफ्लोक्सासिनसारखे औषध उकळूनही जवळपास तसेच राहते. काही जंतूंचे विषही उरते. २००० साली जपानमध्ये स्नो ब्रँड कंपनीच्या दुधाने तेरा हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. होक्काइडोतल्या कारखान्यात काही तास वीज गेली, दूध कोमट पडून राहिले, स्टॅफिलोकॉकस वाढला आणि त्याने विष तयार केले. पुढे तापवल्यावर जंतू मेले, विष राहिले. गावोगावच्या बल्क कूलरसमोर भारनियमनात उभ्या राहिलेल्या माणसाला ही बातमी परदेशची वाटत नाही.

मात्र सगळ्यात मोठी गोष्ट पेल्यात घडतच नाही, ती गोठ्यात घडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल स्वीकारताना बजावले होते, की पेनिसिलिनचा अपुरा डोस दिला तर जंतू मरणार नाहीत, शिकतील. आमच्याकडे तीन इंजेक्शने सांगितली की दोन दिली जातात. दुसऱ्या दिवशी गाय वैरण खाऊ लागली की तिसऱ्याचे पैसे वाचवायचे. यात शेतकऱ्याचा दोष म्हणावा तर त्याच हिशेबाने तो स्वतःच्या गोळ्याही अर्ध्यावर सोडतो. औषध कासेपुरते राहत नाही, आतड्यातही पोचते. तिथल्या निरुपद्रवी जंतूंतून जे औषधाला पुरून उरतात ते वाढतात. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले, की एक जंतू ही प्रतिकाराची विद्या दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. निरुपद्रवी जंतू रोगकारक जंतूला देतो, वर्गातला हुशार मुलगा शेजाऱ्याला उत्तराची चिठ्ठी सरकवतो तशी. १९७२ साली बेल्जियममध्ये कासदाहाच्या दुधात मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस सापडला. तोवर तो इस्पितळांतला जंतू मानला जाई.

असा जंतू दुधाबरोबर शहरात पोचला तर पातेल्यात मरतो. पण तो शेणात, मुतात, धार काढणाऱ्या हातांत, गोठा धुतलेल्या पाण्यात असतो. शेणखतातून उसाच्या सरीत जातो. पुरात तर गोठा आणि विहीर एकच होतात. २००५ आणि २०१९ साली कृष्णेने ते करून दाखवले. म्हणजे धोक्याचा क्रम आपण समजतो त्याच्या उलटा आहे. पिशवीतले दूध पिणारा पुण्याचा ग्राहक सगळ्यात शेवटी येतो. पहिली येते ती पहाटे शेण भरणारी, धार काढणारी बाई. गावातल्या दवाखान्यात एखादीचा मूत्रमार्गाचा साधा दाह तीन-तीन औषधांना दाद देत नाही, तेव्हा तिच्या गोठ्याबद्दल तिला कुणी विचारत नाही.

जगाने यावर कायदे केले, उशिरा केले. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्वान समितीने सांगितले, की माणसाच्या कामी येणारी प्रतिजैविके जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात मिसळू नयेत. युरोपात त्यावर पूर्ण बंदी यायला २००६ उजाडले. भारताने २०१९ साली कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत वापरायला बंदी केली. त्याआधी जानेवारी २०१२ मध्ये औषध नियमांत एक कलम आले. जनावरांच्या औषधावर 'किती दिवस दूध वापरू नये' हे छापले पाहिजे. स्वतंत्र अभ्यास झालेला नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेहून जास्त होते. शेकडा सव्वासुद्धा नाही. हे आकडे पाहून निर्धास्त व्हावे असे काहींना वाटते. मला वाटत नाही. टँकरमध्ये शेकडो गोठ्यांचे दूध एकत्र होते आणि एका गाईचे औषध त्यात विरघळून मर्यादेखाली जाते. नमुना टँकरबद्दल बोलतो, गोठ्याबद्दल नाही.

आणि सात दिवसांचा हिशेब कुणी करायचा? जुलै २०१८ मध्ये दुधाच्या भावासाठी पश्चिम महाराष्ट्रात मोठे आंदोलन झाले, दूध रस्त्यावर ओतले गेले, आणि लिटरला २५ रुपये दर मान्य झाला. पंधरा लिटर देणारी गाय धरा. सात दिवसांचे १०५ लिटर, म्हणजे २,६२५ रुपये. शिवाय डॉक्टरची फी, ट्यूब, पेंड. दोन गाईंच्या घराने हे दूध गटारात ओतावे असे कायदा म्हणतो आणि त्याची भरपाई कुणीच देत नाही. रस्त्यावर दूध ओतले तर वर्तमानपत्रात फोटो येतो. गोठ्यामागे ओतले तर कुणाला कळतही नाही. म्हणून ते ओतले जात नाही. संघांकडे आता तपासणीच्या पट्ट्या आहेत, पण त्या संकलन केंद्राच्या काट्यापर्यंत क्वचित येतात. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातून दरवर्षी शिकलेली मुले बाहेर पडतात. प्रतिसरकारच्या नायकाचे नाव गुरांच्या कॉलेजला असणे मला फार शोभून दिसते. पण ही मुले गोठ्यात पोचेपर्यंत मेडिकलमधून आणलेली ट्यूब बहुधा सोडून झालेली असते.

दूध काढण्याआधी आणि नंतर सड जंतुनाशकात बुडवणे, गोठा कोरडा ठेवणे, धार काढल्यावर अर्धा तास जनावराला बसू न देणे (म्हणून पुढ्यात वैरण टाकायची), आजारी गाय शेवटी पिळणे, आटवताना काळजी घेणे, यांनी दगडी कितीतरी कमी होते. यातले एकही काम महाग नाही. पण ते रोज दोनदा करावे लागते, आणि ते करणारीच्या अंगावर आधीच घर, रान आणि मुले असतात.

माझ्याकडे संस्थेच्या काही जुन्या वह्या आहेत. रद्दीत जाणार होत्या, मी मागून घेतल्या. रकाने ठरलेले : तारीख, सभासद क्रमांक, लिटर, डिग्री, फॅट, दर, रक्कम. शेवटी बोटभर रुंदीचा 'शेरा'. तो बहुतेक कोरा आहे. कुठे 'पाणी – ताकीद', कुठे 'नासले – परत'. एका वहीत एकाच सभासदापुढे आठवडाभर लिटरच्या रकान्यात आडवी रेघ आहे आणि शेऱ्यात एका ओळीत लिहिले आहे : 'गाय दगडी, सुई चालू, दूध घालत नाही.' तेव्हा सात दिवसांचा नियम नव्हता. अक्षर माझे नाही, माझ्या आधीच्या सचिवांचे आहे. सभासद एक विधवा बाई होत्या. त्यांची ती एकच गाय होती. आठव्या दिवशी त्यांच्या नावापुढे साडेतीन लिटर लागले आहेत, फॅट ३.८, शेरा कोरा.